डोंगर पुन्हा का चढावा?



दसरा जवळ आला की वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या साऱ्या भागातील नवदीक्षित घरांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. कधी तो शेजारी विचारतो, कधी जुन्या वळणाचे भाऊबंद विचारतात, तर कधी आपल्याच घरातली म्हातारी विचारते. प्रश्न असा की, तुम्ही माहूरचा गड सोडला आणि अजिंठ्याचा डोंगर धरला. रेणुकेच्या पायऱ्या चढणे बंद केले आणि लेण्यांच्या पायऱ्या चढू लागलात. दरसाल तीच गाडी, तीच भाकरीची शिदोरी, तेच धापा टाकणे. मग बदलले ते काय?

हा प्रश्न पुष्कळदा कुत्सितपणे विचारला जातो. परंतु विचारणाऱ्याचा हेतू वाईट आहे एवढ्यावरून प्रश्न खोटा ठरत नाही. "तिकडे देव होता, इकडे बुद्ध आहेत," असे उत्तर आपण देतो आणि सुटलो असे समजतो. पण तथागतांना देवाच्या जागी बसविले आणि लेण्याला गडाच्या जागी ठेवले, तर शेजाऱ्याचेच म्हणणे खरे ठरेल. म्हणून थोडे थांबून विचार करू या.

माहूर नांदेड जिल्ह्यात, पण आपल्याला पुसदकडून जवळच. आपल्या मागच्या पिढ्यांतील कितीतरी लोक तो गड चढले. ते का चढत? मूल जगावे म्हणून, दुखणे उतरावे म्हणून, बोललेला नवस फेडावा म्हणून. नवसाचा एक हिशेब असतो. त्रास जितका अधिक तितकी फेड पक्की. म्हणून अनवाणी चढायचे, उपाशी चढायचे, लेकरू कडेवर घेऊन उन्हात चढायचे. हा हिशेब गरिबाला फार लवकर पटतो, कारण ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याच्यापाशी देवाला द्यायला स्वतःच्या देहाचे कष्ट तेवढेच असतात. आयुष्यभर धन्याला कष्ट दिले, उरलेले देवाला दिले. आणि एवढे करूनही आपल्या आजा-पणज्यांना कितीतरी देवळांच्या पायरीपाशीच थांबावे लागे, हे निराळे सांगायला नको.

आता धम्माकडे वळू. बौद्ध वाङ्मयात डोंगर नाहीत असे नाही. उलट एक डोंगर तर पुन्हा पुन्हा येतो. राजगृहाजवळचा गिज्झकूट, म्हणजे गृध्रकूट. आज बिहारातल्या राजगीरला गेलात तर तो पाहता येतो. तथागत तेथे अनेक वेळा राहिले. त्यांना भेटायला येणारे लोक तो डोंगर चढून येत. हे चढणारे कोण कोण होते ते पाहा.

मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींचे गणराज्य बुडवायचे होते. त्याने आपला मंत्री वस्सकार याला तथागतांकडे धाडले. वस्सकार रथातून निघाला. रथ जाईल तेथवर रथातून गेला, पुढे पायी चढला. वर गेल्यावर त्याने नमस्कार केला, कुशल विचारले आणि मग युद्धाचा विषय काढला. तथागतांनी त्याला सरळ उत्तर दिले नाही. ते आनंदाला विचारू लागले, वज्जी वरचेवर एकत्र जमतात काय, एकोप्याने बसतात-उठतात काय, वृद्धांचा मान राखतात काय, स्त्रियांना बळजबरीने पळवून तर नेत नाहीत ना? जोवर ते असे वागतात तोवर त्यांचा ऱ्हास नाही, असे त्यांनी सांगितले. वस्सकाराने ते ऐकले आणि त्यातून काय घेतले? लढाईने हे लोक जिंकता येणार नाहीत, त्यांच्यात फूट पाडली पाहिजे, एवढेच. तो डोंगर चढला, साक्षात तथागतांसमोर बसला, आणि जसा आला तसाच उतरला.

दुसरा देवदत्त. तोही गिज्झकूट चढला. तथागत खालच्या बाजूला चंक्रमण करीत असता त्याने वरून शिळा लोटली. शिळेची कपची उडून त्यांच्या पायाला लागली, रक्त आले. डोंगर तोच. चढाव तोच. देवदत्त तर भिक्खूच्या चीवरात होता.

आता तिसरी व्यक्ती पाहा. थेरीगाथेत चित्ता नावाची एक थेरी आहे. ती वृद्ध झाली होती, आजारी होती, अंगात त्राण नव्हते. काठी टेकत टेकत ती डोंगर चढली. वर गेल्यावर तिने संघाटी उतरवून ठेवली, भिक्षापात्र पालथे केले, खडकाला पाठ टेकली, आणि तेथे तिच्या मनावरचा अंधार फुटला. मेत्तिका नावाच्या थेरीची गाथा जवळजवळ अशीच आहे. तीही म्हातारी, तीही काठीवर. आणि दंतिका नावाची थेरी गिज्झकूटावर दिवसाची विश्रांती घेऊन निघाली, तेव्हा तिला नदीकाठी एक हत्ती दिसला. माहुताने "पाय दे" म्हणताच त्या एवढ्या थोरल्या जनावराने पाय पुढे केला आणि माणूस त्याच्यावर चढला. न आवरणारे जनावर आवरले जाते हे पाहून तिने आपल्या चित्ताकडे पाहिले.

वाचकहो, या गोष्टी केवळ कथा म्हणून वाचू नका. मंत्री, मारेकरी आणि काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्या, सगळे एकाच डोंगरावर चढले. डोंगराच्या अंगी पुण्य असते तर देवदत्तालाही ते मिळाले असते. चढण्याच्या कष्टात पुण्य असते तर वस्सकारालाही थोडेफार मिळायला हवे होते. रथ सोडून चालावे लागले म्हणजे मंत्र्याला काही कमी त्रास झाला नसेल!

कोणी म्हणेल, चित्ता थेरीने तर फार कष्ट सोसले, मग कष्टाचे फळ नाही कसे म्हणता? तेथे जरा नीट पाहा. ती वर पोहोचल्यावर काय करते? खडकाला टेकून बसते. आणखी दमायला ती पुढच्या शिखराकडे जात नाही. त्याच राजगृहाच्या परिसरात, सीतवनात, सोण कोळिविस नावाचा भिक्खू होता. श्रीमंताघरचा, सुकुमार. चंक्रमण करता करता त्याच्या तळव्यांतून रक्त आले, जमीन लाल झाली, तरी चित्त मोकळे होईना. तो निराश झाला, घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. तेव्हा तथागतांनी त्याला वीणेचे विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? फार सैल ठेवल्या तर? रक्ताळलेल्या तळव्यांचे कौतुक त्यांनी केले नाही. सहा वर्षे देह झिजवून त्यांनी स्वतःच ते करून पाहिले होते. नवसाचा गड आणि धम्माचा डोंगर यांतला पहिला फरक हा. इकडे त्रास हे चलन नाही.

मग पुन्हा जायचेच कशाला, असे तुम्ही विचाराल. तथागतांनी महापरिनिब्बानाच्या आधी आनंदाला चार स्थळे सांगितली, जन्माचे, संबोधीचे, पहिल्या प्रवचनाचे आणि परिनिब्बानाचे. ती पाहण्याजोगी आहेत असे सांगताना पालीत जो शब्द येतो तो 'संवेग' या अर्थाचा आहे. संवेग म्हणजे मन हलणे, खडबडून जागे होणे. तेथे स्नान केले की पाप जाते, असा तो अर्थ नाही. आणि मन हलायचे तर मन सोबत न्यावे लागते, डोळे उघडे ठेवावे लागतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात धम्म म्हणजे काय याच्या जोडीला धम्म काय नव्हे हेही निराळे सांगितले, आणि दैवी चमत्कारावरील विश्वास त्या दुसऱ्या यादीत घातला. ते प्रकरण घरी सर्वांनी मिळून एकदा तरी वाचावे.

अजिंठा घ्या. तेथला कडा सुमारे २५० फूट उंच, घोड्याच्या नालासारखा वळलेला, खाली वाघूर नदी. आपण बहुतेक जण तेथे एकदाच जातो, बहुधा डिसेंबर-जानेवारीत शाळेच्या सहलीबरोबर किंवा लग्नकार्याच्या निमित्ताने, आणि "पाहून झाले" म्हणतो. परंतु एकच डोंगर तीन ऋतूंत तीन डोंगर असतो. वैशाखात गेलात तर काळा कातळ तव्यासारखा तापलेला, नदीत नुसते धोंडे, झाडे खराटा झालेली. अशा वेळी लेण्याच्या आत पाऊल टाकले की गारवा लागतो, आणि हे कोरणाऱ्यांनी डोंगराच्या पोटातच घर का केले ते न सांगता कळते. श्रावणात गेलात तर दरीच्या तोंडाशी सातकुंडाचा धबधबा कोसळत असतो, पायऱ्या निसरड्या, सगळीकडे हिरवे. थंडीत वाट सोपी, गर्दी फार. वाट सोपी असते तेव्हाच आपण सगळ्यांत कमी पाहतो, असे माझे मत झाले आहे.

पावसाळ्यातल्या डोंगराचा आपल्या धम्माशी खास संबंध आहे. आरंभी भिक्खू बाराही महिने चारिका करीत. पावसात ते कोवळे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली मारतात, अशी लोकांनी तक्रार केली. इतर पंथांचे साधू तेवढे दिवस एका जागी थांबतात, पाखरेसुद्धा झाडावर घरटे करून राहतात, मग हेच का हिंडतात, असे लोक म्हणू लागले. तथागतांनी ते ऐकले आणि वर्षावासाचा नियम घातला. किती साधी गोष्ट आहे! शेतकऱ्यांनी बोलून दाखविले आणि संघाने आपली चाल बदलली. वाट चालणे चांगले, पण या ऋतूत ते दुसऱ्याचे पीक तुडवते, तर थांबणे चांगले. या वर्षावासाच्या गरजेतूनच पुढे विहार आले आणि डोंगरांतली लेणी आली.

आणि येथे आपल्या वाशीमचा संबंध येतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इ. स. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात या शाखेचा हरिषेण राजा होता आणि त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून भिक्खुसंघाला दिले. लेण्याच्या ओवरीबाहेर डाव्या बाजूच्या भिंतीवर त्याचा शिलालेख आहे. त्यात या लेण्याच्या खिडक्या-दारांचे, चित्रांचे वर्णन येते आणि ते सर्व ऋतूंत सुखाने राहण्याजोगे आहे, अशा आशयाचे शब्दही येतात. मला त्या लेखातले हेच शब्द सर्वांत मोलाचे वाटतात. राजाची वंशावळ आहे, मंत्र्याची स्तुती आहे, ती असायचीच. पण बांधणाऱ्याने विचार केला तो उन्हाळ्यात भिक्खू कसा बसेल, पावसात कसा राहील याचा.

येथे एक सावधगिरीची सूचना. "अजिंठा आमच्या वाशीमच्या राजांनी घडविला" असे सभांतून सांगितले जाते आणि टाळ्या पडतात. वाकाटक राजे वैदिक यज्ञ करणारे होते. १९३९ साली वाशीमला या घराण्याचा जो ताम्रपट सापडला तो ब्राह्मणांना गाव दान दिल्याचा आहे. बौद्ध होता तो मंत्री. आणि छिन्नी-हातोडी हाती घेणाऱ्यांची नावे तर कोणत्याच लेखात नाहीत. अभिमान धरायचाच असेल तर त्या निनावी हातांचा धरावा.

ऋतू निसर्ग करतो. पण आपल्या लोकांना डोंगर चढताना आणखी एक ऋतू भोगावा लागला, तो माणसांनी केलेला. १९३४ साली बाबासाहेब सुमारे ३० कार्यकर्त्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले असता वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाची धूळ अंगावर होती. दरवाजाजवळच्या काठोकाठ भरलेल्या हौदावर मंडळींनी हातपाय-तोंड धुतले. रमजानचा महिना होता. मागून एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटविला. पाहता पाहता जमाव जमला, शिवीगाळ झाली, प्रसंग हाणामारीवर आला. शेवटी किल्ला पाहू दिला तो अशा अटीवर की आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही, आणि नजर ठेवायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. हिंदूला जो अस्पृश्य, तो मुसलमानालाही अस्पृश्यच, हे दाखविण्यासाठी त्यांनी तो प्रसंग सांगितला. परदेशात शिकून आलेला, गोलमेज परिषदेत बोललेला हा पुरुष, आणि डोंगरावर जाताना तहान लागली तरी पाणी प्यायची चोरी!

आज तुम्ही वाशीमहून मेहकर, सिंदखेडराजा, जालना करीत त्याच किल्ल्यावर जाता. दरवाजात कोणी जात विचारत नाही. खिशात पाण्याची बाटली असते. मुले पुढे पळत चढतात. किल्ला तोच, पायऱ्या त्याच. अशा वेळी १९३४ ची गोष्ट मुलांना त्या दरवाजाशी उभे करून सांगितली, तर तो संवेग होईल. नाहीतर ती चढण म्हणजे नुसता व्यायाम. व्यायाम वाईट नाही, पण त्याला धम्मयात्रा म्हणू नये.

आता ज्या गोष्टीने खरोखरच घरांत भांडणे होतात तिच्याकडे येतो. १९५६ साली अशोक विजयादशमीला, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि दिली. तेव्हा वऱ्हाडातून माणसे हातातली कामे टाकून गेली. त्या दिवसाची थोरवी कोणी कमी करू शकत नाही. पण आज आपल्या जिल्ह्यात नेमका तोच काळ सोयाबीनच्या सोंगणीचा असतो. आपल्यापैकी फार थोड्यांकडे स्वतःची पुरेशी शेती आहे. बाकीचे गुत्त्याने सोंगणी घेतात, आणि त्या पंधरा-वीस दिवसांची मजुरी म्हणजे पुढचे कित्येक महिने. ज्याचे स्वतःचे दोन एकर आहेत त्याची सुडी उघड्यावर असते आणि परतीचा पाऊस सांगून येत नाही. अशा वेळी दीक्षाभूमीला जायचे की नाही? कोणी सावकाराकडून उसने घेऊन जातो. जो जात नाही त्याला वस्तीत टोमणा ऐकावा लागतो की हा कच्चा बौद्ध, पोटासाठी थांबला.

हा टोमणा मला मान्य नाही. पावसात पीक तुडवू नये म्हणून तथागतांनी साऱ्या संघाला थांबविले. मग पीक घरी यावे म्हणून जो थांबला तो कमी बौद्ध कसा? कर्ज काढून, मजुरी बुडवून, लेकराची फी थकवून जो जातो, त्याने माहूरच्या गडाचाच हिशेब पुन्हा मांडला आहे. त्रास अधिक, म्हणून फळ अधिक. त्याने सोंगणी उरकून पौषात जावे, माघात जावे, दीक्षाभूमी तेथेच आहे. मात्र याची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. ज्याची मजुरी बुडत नाही, ज्याला पगारी सुट्टी आहे, आणि जो "डोंगर कुठेही जात नाही" असे म्हणत दहा वर्षे घरीच बसला आहे, त्याने सोंगणीवाल्याच्या आड लपू नये. थांबायलाही कारण लागते.

वृद्धांविषयीही बोलू. अजिंठ्याला डोलीवाले असतात. चार माणसे खांद्यावर खुर्ची घेऊन म्हाताऱ्यांना वर नेतात. आपल्यातल्या काहींना हे खटकते. ज्यांच्या बापजाद्यांनी लोकांची ओझी वाहिली त्यांनी दुसऱ्याच्या खांद्यावर बसावे काय, असे तरुण मुले विचारतात. प्रश्न चांगला आहे आणि तो विचारला जातो याचा आनंद आहे. परंतु देवदत्ताच्या शिळेने पाय जखमी झाला तेव्हा तथागतांनाही भिक्खूंनी मंचकावरून उचलून नेले, असे अट्ठकथेत आहे. वेठ म्हणजे मोबदला न देता, नाही म्हणायची सोय न ठेवता घेतलेले काम. डोलीवाल्याशी ठरलेले पैसे पुरते द्या, घासाघीस करू नका, वर पोहोचल्यावर त्यांना पाणी विचारा. आणि म्हातारीला जायचेच नसेल तर तिला ओढून नेऊ नका. घरी बसून ती नातवाला चित्ता थेरीची गोष्ट सांगत असेल तर तिचे काहीही चुकले नाही.

डोंगराचे हे जे झाले तेच शीलाचे. सकाळी विहारात पांढरे कपडे घालून पंचशील म्हणणे ही थंडीतली सोपी वाट. तेच पंचशील पोळ्याच्या संध्याकाळी बाटली पुढे आल्यावर, भावकीच्या वाटणीत खोटी साक्ष द्यायची वेळ आल्यावर, किंवा मुलाच्या सोयरिकीत देण्याघेण्याची बोलणी निघाल्यावर पाळायचे, तेव्हा तापलेला कातळ पायाला लागतो. मजूर असताना चोरी न करणे निराळे. साहेब झाल्यावर, कोणी न मागता टेबलाखालून पाकीट आले असता ते परत करणे निराळे. शब्द तेच पाच. घरातल्या प्रत्येकाची चढण निराळी, आणि तीही दरसाल निराळी. म्हणून मागच्या वर्षी पाळले एवढ्यावर या वर्षीचे भागत नाही.

येत्या श्रावणात जमले तर एका कुटुंबाने तरी अजिंठ्याला जावे. पाऊस असेल, म्हणून पकड असलेली पादत्राणे घालून जा, अनवाणी मुळीच नको. लेणी सोमवारी बंद असतात हे लक्षात ठेवा. तीसही लेणी धावत पाहण्यापेक्षा १६ क्रमांकापाशी तासभर थांबा. डाव्या भिंतीवरची अक्षरे वाचता येणार नाहीत, ती ब्राह्मी आहेत. मुलाने विचारलेच तर सांगा की वाशीमच्या राजाचा एक मंत्री होता आणि त्याने भिक्खूंना हे घर दिले. मग समोरच्या धबधब्याकडे बघत बसा. सर जोराची आली तर खाली उतरण्याची घाई करू नका. ती ओसरेपर्यंत ओवरीतच थांबा, भिक्खूही तेच करीत.